दोन सर्व्हर, एक काटा: कॅमलला जेग्रुप्स जोडावं का?

काटावाला

नमस्कार मंडळी. चिकोडी तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात आहे. कारखान्याचं नाव विचारू नका. बॉयलर पेटायच्या आत एक गोष्ट मार्गी लावायची आहे, म्हणून हा धागा.

सध्याची मांडणी अशी. ऊसगाडीचं भरलेलं आणि मोकळं वजन झालं की काट्यावरच्या पीसीतून एक फाइल सामायिक फोल्डरमध्ये पडते. तिच्यात पावती क्रमांक, सभासद कोड, गाडी नंबर आणि दोन्ही वजनं. अपाचे कॅमल (वेगवेगळ्या प्रणालींत डेटा नेणारी जावाची लायब्ररी) मधला एक रूट, म्हणजे डेटाची ठरवून दिलेली वाट, ती फाइल उचलतो, शेतकी खात्याच्या डेटाबेसात नोंद टाकतो आणि शेतकऱ्याला एसएमएस पाठवतो. गेल्या हंगामात हा रूट एकाच सर्व्हरवर होता. तो बसला की शेतकीची पोरं हातानं पावत्या चढवत बसायची आणि बाहेर 'मेसेज का आला नाही' म्हणून गर्दी. यंदा दुसरा सर्व्हर मिळालाय. पण दोन्हींवर तोच रूट लावला तर दोघंही एकच फाइल उचलतात. चाचणीत एका पावतीच्या दोन नोंदी झाल्या.

जेग्रुप्स म्हणजे सर्व्हरांना आपसांत बोलतं ठेवणारी लायब्ररी, तिचा कंपोनंट कॅमलमध्ये आयता आहे असं वाचलं. दोन्ही सर्व्हर एका क्लस्टरमध्ये (गटात) घ्यायचे, जो कोऑर्डिनेटर (गटाचा म्होरक्या) असेल त्यानंच रूट चालवायचा, तो पडला की दुसऱ्यानं. हे कुणी खरोखर वापरलंय का? व्हेंडर म्हणतो काफ्का (निरोप साठवून पुढे देणारी वेगळी प्रणाली) घ्या. त्याला मी अजून हो-नाही काहीच म्हटलेलं नाही.

तात्या_टिळकवाडी

एका खेपेच्या दोन नोंदी? मग शेतकऱ्यांना विचारून बघा, दुसरा सर्व्हर त्यांना फार आवडेल.

बाकी कळलं काहीच नाही, पण कुंद्याची वाटी घेऊन बसलोय. चालू द्या.

बंगळूरची_मृणाल

वापरलंय, आणि चांगलं चालतं. नवख्यांसाठी थोडं मागचं सांगते.

जेग्रुप्स ही जावाची ग्रुप कम्युनिकेशन लायब्ररी. बेला बान यांनी ती कॉर्नेल विद्यापीठात असताना सुरू केली. वाइल्डफ्लायचं क्लस्टरिंग आणि इन्फिनिस्पॅन तिच्यावरच उभे आहेत, म्हणजे खेळणं नव्हे. मधे वेगळा ब्रोकर, म्हणजे निरोप पोचवणारा सर्व्हर, नसतो, प्रत्येक जावा प्रोसेस स्वतःच सदस्य असते. त्या क्षणी कोण कोण हजर आहे त्या यादीला 'व्ह्यू' म्हणतात. यादीतला पहिला, म्हणजे साधारणपणे सगळ्यांत जुना सदस्य, तो कोऑर्डिनेटर.

कॅमलमध्ये हा कंपोनंट २.१३ आवृत्तीपासून आहे. पत्त्यात 'जेग्रुप्स' आणि पुढे क्लस्टरचं नाव, बस्स. रूटच्या 'टू' मध्ये टाकलं तर बॉडी (निरोपाचा मजकूर) सगळ्या सदस्यांना जाते, 'फ्रॉम' मध्ये टाकलं तर इतरांचे निरोप येतात. एरवी सदस्य आला-गेला तरी रूटला पत्ता लागत नाही. 'एनेबल व्ह्यू मेसेजेस' हा पर्याय चालू केला की प्रत्येक नवा व्ह्यूसुद्धा मेसेज म्हणून रूटमध्ये येतो. तुमच्या कामाचं हेच.

करायचं असं. काट्याचा रूट ऑटो-स्टार्टअप बंद ठेवून लिहा. दुसऱ्या रूटमध्ये व्ह्यू ऐका. 'ड्रॉप नॉन कोऑर्डिनेटर व्ह्यूज' नावाचा तयार फिल्टर आहे, तो लावला की मीच कोऑर्डिनेटर असेन तरच मेसेज पुढे सरकतो. पुढे कंट्रोल बसला (रूट चालू-बंद करणारा कॅमलचा भाग) सांगा, काट्याचा रूट सुरू कर. मधे 'थ्रेड्स' नक्की घाला, म्हणजे पुढचं काम वेगळ्या थ्रेडवर जाईल. व्ह्यूच्या कॉलबॅकमध्ये रेंगाळत बसलात तर जेग्रुप्सचा खालचा सगळा स्टॅक (प्रोटोकॉलची उतरंड) तुंबतो. थोडा डिलेही लावा, म्हणजे कॅमल पुरता उभा राहायच्या आत स्टार्टचा हुकूम जाणार नाही.

निपाणीकर

कशाला एवढा व्याप? दुसरा सर्व्हर बंद ठेवा. पहिला बसला की चालू करा. आमच्याकडं तंबाखूच्या वखारीत असंच चालतं आणि उत्तम चालतं.

काटावाला

@निपाणीकर, वखार रात्री बंद असते हो. गाळप चोवीस तास. रात्री तीनला सर्व्हर बसला तर उठून जाणारा मीच, आणि माझं गाव कारखान्यापासून लांब.

@मृणाल, धन्यवाद. घरी दोन लॅपटॉपवर हेच केलं, झकास चाललं. कारखान्यात लावलं तर दोघेही म्हणतात मीच कोऑर्डिनेटर. दोघांच्याही व्ह्यूमध्ये एकेकच सदस्य.

उद्यमबागी

आलं लक्षात. आमच्या फाउंड्रीत ईआरपीच्या वेळी ह्याच खड्ड्यातनं गाडी गेली. दोन गोष्टी तपासा.

पहिली, त्या सर्व्हरवर डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलंय काय? जेग्रुप्सला पत्ता सांगितला नाही तर तो खासगी रेंजमधला कुठला तरी पत्ता स्वतः निवडतो. डॉकरच्या पुलाचा, म्हणजे आतल्या आभासी नेटवर्कचा, १७२.१७.०.१ हासुद्धा त्याच रेंजमधला. तो तिथं जाऊन बसला तर बाहेर कुणाला दिसणार? सुरुवातीच्या लॉगमध्ये 'फिजिकल अ‍ॅड्रेस' छापून येतो, आधी तो बघा. 'बाइंड अ‍ॅड्रेस' मध्ये नेटवर्क कार्डाचा पत्ता सरळ लिहून टाका. जावाला 'प्रिफर आयपीव्ही४ स्टॅक' पण सांगा.

दुसरी, मल्टिकास्ट, म्हणजे एकच पाकीट गटातल्या सगळ्यांना पाठवणं. काही न सांगता जेग्रुप्स यूडीपी मल्टिकास्टवर चालतो, २२८.८.८.८, पोर्ट ४५५८८. घरच्या राउटरवर हे बहुतेक वेळा चालून जातं. कारखान्यातल्या मॅनेज्ड स्विचवर जाईलच असं नाही. जेग्रुप्सच्या जारमध्येच मल्टिकास्ट पाठवायचा आणि ऐकायचा असे दोन छोटे चाचणी प्रोग्रॅम आहेत. एकावर ओळ टाइप करा, दुसऱ्यावर उमटते काय बघा. कॅमल मधे आणूच नका तोवर.

आमच्याकडं तर आणखी मजा. सुरू केलं की दोन्ही भेटायचे, चार-पाच मिनिटं गुण्यागोविंदानं नांदायचे आणि मग एकमेकांना मेलेलं समजायचे. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट फक्त मागणाऱ्या पोर्टांनाच द्यायची सोय) चालू होतं, पण नेटवर्कात क्वेरिअर, म्हणजे 'मल्टिकास्ट कुणाला हवंय' असं विचारत राहणारा, कोणीच नव्हता. क्वेरिअर विचारत नाही, त्यामुळं मशिन उत्तर देत नाही, आणि साधारण २६० सेकंद झाले की स्विच त्या पोर्टचं नाव यादीतनं काढून टाकतो. आम्ही बसलोय जावात चूक शोधत! क्वेरिअर चालू केला, सगळं शांत.

खानापूरचा_पाऊस

चार-पाच मिनिटं नांदून मग एकमेकांना मेलेलं समजणारे माझ्याही माहितीत आहेत. तिथं क्वेरिअर बसवून भागलं नाही.

संकेश्वरी_मिरची

दोन सर्व्हरसाठी मल्टिकास्ट हवंय कशाला? टीसीपी घ्या, म्हणजे दोघांत थेट जोडणी. कॅमलच्या पत्त्यात 'चॅनल प्रॉपर्टीज' म्हणून पर्याय आहे, तिथं स्वतःची एक्सएमएल फाइल द्या. शोधासाठी टीसीपीपिंग, त्यात दोन्ही सर्व्हरचे पत्ते आणि पोर्ट ७८०० लिहा. झालं. उद्या क्लाउडवर गेलात तरी बहुतेक ठिकाणी मल्टिकास्ट मिळत नाहीच, तेव्हा टीसीपीची सवय बरी. पत्ते बदलते असतील तर जेडीबीसीपिंग आहे, सदस्यांचे पत्ते डेटाबेसातल्या एका टेबलात राहतात.

फायरवॉलवाल्याला एक सांगा, फक्त ७८०० उघडून भागणार नाही. एफडी-सॉक (सदस्य गेला का ते ओळखणारा जेग्रुप्सचा प्रोटोकॉल) आपलं वेगळं सॉकेट उघडतं, त्याचा पोर्ट ठरवून द्या आणि तोही उघडा.

आणि एफडी-सॉक आहे म्हणून एफडी-ऑल काढू नका. प्रोसेस मेली की सॉकेट तुटतं आणि एफडी-सॉकला लगेच कळतं. पण केबल निघाली किंवा अख्खी मशिन गोठली तर सॉकेट तसंच उघडं दिसतं. तिथं ठोके मोजणारं एफडी-ऑलच कामाला येतं.

काटावाला

डॉकरच निघाला! बाइंड अ‍ॅड्रेस दिला, टीसीपीवर नेलं, दोघं एका व्ह्यूमध्ये आले. पहिल्याची प्रोसेस मारली की दुसरा ताबडतोब रूट उचलतो. मस्त वाटलं बघून.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे आता तू सुट्टी घेऊ शकतोस." मग लगेच, "पण घेऊ नकोस."

मलप्रभा

अभिनंदन, पण लगेच हंगामाला लावू नका. मी इथल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स शिकवते, तेव्हा थोडी खुसपटं काढणं हे कामच आहे.

प्रोसेस मारून बघितलीत. आता दोन्ही प्रोसेस जिवंत ठेवून मधली वायर काढून बघा. पहिला म्हणेल दुसरा गेला, मी कोऑर्डिनेटर. दुसरा म्हणेल पहिला गेला, मी कोऑर्डिनेटर. दोघांच्या बाजूनं पाहिलं तर दोघंही बरोबर. सामायिक फोल्डर आणि डेटाबेस दोघांनाही दिसत असतील तर तुमच्या दोन नोंदी परत आल्या.

आता वायर परत लावा. जेग्रुप्सचा मर्ज३ प्रोटोकॉल दोन तुकडे जोडेल, नवा व्ह्यू येईल, त्यात कोऑर्डिनेटर एकच असेल. पण दुसऱ्यावर जो रूट सुरू झालाय त्याला थांबवणार कोण? मृणालताईंनी सांगितलेला फिल्टर नीट बघा. जो कोऑर्डिनेटर नाही त्याच्याकडे आलेला व्ह्यू तो टाकून देतो. म्हणजे ज्याची गादी गेली त्याला गादी गेल्याचा निरोप फिल्टरपाशीच अडतो. सुरू करायची वाट आहे, थांबवायची नाही. फिल्टर काढून स्वतः तपासावं लागेल: मी पहिला असेन तर सुरू, नसेन तर बंद.

बंगळूरची_मृणाल

@मलप्रभा, थांबवायचा रूट स्वतः लिहावा लागतो हे मान्य, ते मी सांगायला हवं होतं. पण एकाच खोलीत, एकाच स्विचवर दोन सर्व्हर. तिथं नेटवर्क दुभंगणार किती वेळा? पुस्तकातल्या भीतीनं साधं काम अवघड करू नये असं माझं मत. तीस-तीस नोड्सचे क्लस्टर मी सांभाळलेत.

मलप्रभा

मृणालताई, तीस नोड्सना बहुमत असतं. दोघांत कसलं आलंय बहुमत?

आणि दुभंगायला वायरच तुटावी लागते असं नाही. जावाचं कचरा गोळा करणं (मेमरी साफ करणं) लांबलं, व्हर्च्युअल मशिनचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेताना मशिन थिजली, तर दुसऱ्याच्या लेखी ती मेलीच. ती जागी होते तेव्हा तिला मधे काय घडलं याचा पत्ता नसतो, ती हातातली फाइल पुढं रेटते. इतक्यात दुसऱ्यानंही तीच उचललेली असते. थांबवायचा रूट कितीही चोख लिहा, ही फट बुजत नाही.

उद्यमबागी

ह्यात मी मॅडमच्या बाजूनं. आमच्याकडं बॅकअपवाला रात्री स्नॅपशॉट घ्यायचा आणि रोज त्याच वेळी लॉगमध्ये 'सस्पेक्ट', म्हणजे सदस्य मेल्याचा संशय. फाउंड्रीत दोनदा नोंद झाली तर कास्टिंगचा हिशोब चुकतो, डोकं खाजवत बसतो. उसात बिल चुकतं. तिथं डोकं खाजवायला वेळ कोण देणार!

निपाणीकर

म्हणूनच म्हटलं होतं, दुसरा बंद ठेवा.

तात्या_टिळकवाडी

निपाणीकरांचा सर्व्हर एकच आणि प्रतिसादही एकच. क्लस्टरची गरज नाही.

हिरण्यकेशी_काठ

अवांतर विचारतो, रागावू नका. ते एसएमएस मराठीत जातात का कन्नडमध्ये? आमच्या वडिलांना कन्नडमधून येतो, वाचता येत नाही, मग शेजारच्या पोराला हुडकायचं.

काटावाला

@हिरण्यकेशी_काठ, सभासद फॉर्मवर भाषेचा रकाना आहे, शेतकीत जाऊन बदलून घ्या. दोन्हीतून पाठवतो. देवनागरी असो का कन्नड, युनिकोडचा एक एसएमएस ७० अक्षरांत बसवावा लागतो, इंग्रजीला १६० मिळतात. त्यामुळे 'आपल्या उसाचे निव्वळ वजन' एवढं लिहिलं की त्यातच बरीच जागा जाते. आता फक्त पावती, तारीख, टन.

हिरण्यकेशी_काठ

बरं झालं सांगितलंत. आणखी एक, उताऱ्यावर नाव कन्नडमध्ये, कारखान्यात मराठीत, आधारवर इंग्रजीत. आमच्या घरात तीन कागदांवर तीन आजोबा आहेत. तुमचं कॉम्प्युटर कुठला धरतं?

काटावाला

कुठलाच नाही. सभासद कोड धरतो. नावावर जुळवायला गेलो असतो तर गाळप सोडून कोर्टातच हजेरी लावावी लागली असती.

मलप्रभा

हिरण्यकेशीकाकांनी अवांतर म्हणत मुद्द्यालाच हात घातला. सभासदासाठी कोड धरता ना, तसं खेपेसाठी काय धरता? नोंद दोनदा होऊ नये हे काम सर्व्हरांच्या आपसांतल्या समजुतीवर सोडूच नका, डेटाबेसावर टाका. हंगाम, काटा क्रमांक आणि पावती क्रमांक मिळून युनिक की, म्हणजे टेबलात दोनदा येऊच न शकणारी खूण. फाइलचं नाव धरू नका, काट्यावरून तीच पावती पुन्हा पाठवली की नाव बदलतं. दुसऱ्या सर्व्हरनं तीच नोंद टाकायचा प्रयत्न केला की डेटाबेस नाही म्हणेल. रूटनं त्या नकाराला 'आधीच झालंय' असं समजून फाइल बाजूला करायची.

हे केलंत की कोऑर्डिनेटर एक आहे का दोन, यानं बिलाला फरक पडत नाही.

संकेश्वरी_मिरची

कॅमलमध्ये ह्यासाठी इडेम्पोटंट कन्झ्युमर (तोच मेसेज दुसऱ्यांदा आला तर गाळणारा) आहेच की. जेडीबीसीचा रिपॉझिटरी लावायचा, तो 'कॅमल मेसेज प्रोसेस्ड' नावाच्या टेबलात की लिहून ठेवतो. फाइल कंपोनंटला 'रीड लॉक इडेम्पोटंट' सांगितलं की दोघांपैकी एकालाच फाइल मिळते. 'ही फाइल मी घेतली' असं सांगणाऱ्या नेहमीच्या मार्कर फाइलवर क्लस्टरमध्ये विसंबू नये.

मलप्रभा

@संकेश्वरी_मिरची, लावा, पण युनिक कीच्या जोडीनं, तिच्याऐवजी नको. क्रम बघा. तो की आधी लिहितो, मग काम करतो. काम फसलं आणि एक्सेप्शन आलं तर की काढून टाकतो, ठीक. पण की लिहिली आणि त्याच क्षणी लाईट गेली तर? एक्सेप्शन नाही, काही नाही. की टेबलात राहिली, फाइल फोल्डरमध्ये राहिली, नोंद मात्र झालीच नाही. सर्व्हर परत उभा राहिल्यावर ती फाइल बघतो, की बघतो आणि 'हे झालंय' म्हणून सोडून देतो. एका शेतकऱ्याची अख्खी ट्रॉली गेली. दोन नोंदी निदान दिसतात तरी, न झालेली नोंद कोण शोधणार? युनिक की नोंदीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पुऱ्या होणाऱ्या व्यवहारात) असते, त्यामुळं दोन्ही होतं नाहीतर दोन्ही होत नाही.

काटावाला

हे पटलं. पण एक गाठ आहे. मोकळ्या गाडीचं वजन चुकलं तर काट्यावरून दुरुस्ती पावती निघते, क्रमांक तोच. युनिक की तिला बाहेर काढेल.

उद्यमबागी

दुरुस्ती क्रमांक पण कीमध्ये घ्या. मूळ पावती शून्य, पहिली दुरुस्ती एक. बिल शेवटच्या दुरुस्तीवर. आणि काट्यावरचं सॉफ्टवेअर तो आकडा फाइलमध्ये टाकतंय काय, हे आत्ताच विचारून घ्या. नाहीतर ऐन हंगामात काटेवाल्याच्या मागं फिरावं लागेल.

पुण्यातला_बेळगावकर

मी ऐकलेला किस्सा. बेळगावपासून लांब, एका ऑफिसातला. क्लस्टरचं नाव डीफॉल्ट, मल्टिकास्ट पत्ता डीफॉल्ट, सगळं एका लॅनवर. एक डेव्हलपर लॅपटॉपवर तेच ॲप्लिकेशन चालवून जेवायला गेला. लॅपटॉप गुपचूप खऱ्या क्लस्टरचा सदस्य झाला. तोवर काही बिघडलं नव्हतं, कारण तो यादीत शेवटी. दुपारी सर्व्हरवाल्यानं अपडेटसाठी सर्व्हर एकेक करून रीस्टार्ट केले. आता यादीत सगळ्यांत जुना कोण? लॅपटॉप! खऱ्या फाइलींचं काम त्याच्याकडे आलं आणि नोंदी गेल्या त्याच्या टेस्ट डेटाबेसात.

जेग्रुप्स आपणहून कुणाला अडवत नाही. सदस्याची ओळख तपासणारा ऑथ प्रोटोकॉल लावा, एन्क्रिप्शनचेही आहेत. निदान क्लस्टरचं नाव तरी वेगळं ठेवा.

तात्या_टिळकवाडी

म्हणजे जेवायला गेलेला माणूस परत येईपर्यंत बढती मिळाली होती. आमच्या नोकरीत उलटं व्हायचं.

नवखा_अभियंता

सर/मॅडम, मी सातव्या सेमिस्टरला आहे, प्रोजेक्टसाठी वाचतोय. डेटाबेसच सगळं करणार असेल तर जेग्रुप्स कशासाठी?

बंगळूरची_मृणाल

चांगला प्रश्न. जेग्रुप्स दोन गोष्टी देतो: आत्ता कोण हजर आहे, आणि हजर असलेल्यांना क्रमानं, न हरवता निरोप. 'एका वेळी एकच' याची हमी मागितलीत की मलप्रभाताई म्हणतात तसं अडतं. ते मला आता मान्य आहे.

काटावाल्यांचंच उदाहरण घे. दोन्ही सर्व्हरांनी गाड्यांची आणि सभासदांची यादी मेमरीत ठेवलेली असणार. शेतकीत कुणी नवी गाडी नोंदवली की एकानं दुसऱ्याला सांगायचं, तुझी यादी शिळी झाली. याला जेग्रुप्स उत्तम. एखादा निरोप चुकला तरी पुढच्या वेळी यादी पुन्हा वाचली की भागतं.

प्रोजेक्टमध्ये दोन गोष्टी सांभाळ. कॅमलची फक्त बॉडी पलीकडे जाते, हेडर (निरोपासोबतची माहिती) जात नाहीत, म्हणून हवं ते सगळं बॉडीत घाल. आणि पाठवलेला निरोप पाठवणाऱ्यालाही परत येतो. पाठवणाऱ्याचा पत्ता हेडरमध्ये मिळतो, तो बघून स्वतःचा गाळ. नाहीतर आपलंच ऐकून आपणच पुन्हा पाठवत बसशील.

नवखा_अभियंता

आणि जो सदस्य तेव्हा बंद होता त्याला नंतर मिळतो का निरोप?

संकेश्वरी_मिरची

नाही. व्ह्यूमध्ये नव्हता, म्हणजे त्याच्यासाठी निरोप नव्हता. जेग्रुप्स डिस्कवर साठवून ठेवत नाही. काफ्का किंवा जेएमएस (जावाची निरोपांची प्रमाण पद्धत) ब्रोकरचा फरक तिथंच आहे, ते साठवतात. पण काटावाल्यांच्या फाइली फोल्डरमध्ये पडूनच असतात, त्यांचं साठवणं तिथंच झालं. काफ्का लावून आणखी तीन मशिन सांभाळायला घ्यायच्या, त्यासुद्धा हंगामाच्या तोंडावर? व्हेंडरला विचारा, रात्री तीनला तो येणार आहे काय.

निपाणीकर

व्हेंडर रात्री तीनला? बेंगळूरहून? (हे मात्र मी पुन्हा म्हणणार नाही.)

उद्यमबागी

आणखी एक राहिलं. दोन्ही सर्व्हरवर जेग्रुप्सची एकच आवृत्ती ठेवा. ४ आणि ५ एकमेकांशी बोलत नाहीत, पाकीट आलं तरी आवृत्ती वेगळी म्हणून फेकून देतात. 'आधी एक अपडेट करतो, मग दुसरा' असं करायला गेलात तर मधल्या काळात दोघंही एकटे, दोघंही कोऑर्डिनेटर. कॅमलची आवृत्ती वाढवली की आत जेग्रुप्स कुठला आला ते बघत जा. आणि हे हंगामात करूच नका.

काटावाला

एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. काय ठरवलं ते लिहितो.

काट्याचा रूट दोन्ही सर्व्हरवर कायम चालू. कोऑर्डिनेटर वगैरे काही नाही. रीड लॉक इडेम्पोटंट आहेच, पण भिस्त युनिक कीवर: हंगाम, काटा, पावती, दुरुस्ती. मलप्रभा मॅडमनी सांगितलेली लाईट गेल्याची गोष्ट मुद्दाम करून बघितली, नोंदीच्या आधी प्रोसेस मारून. फाइल खरंच अडकून राहिली. आता दर तासाला एक रूट फोल्डरात रेंगाळलेल्या फाइली आणि नोंदी ताडून बघतो, की असून नोंद नसेल तर की काढून टाकतो.

एसएमएस रूटमधून काढला. नोंद झाली की त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये दुसऱ्या टेबलात एक ओळ पडते, तिथून वेगळा रूट पाठवतो. क्वचित कुणाला एकच मेसेज दोनदा जाईल. शेतकी अधिकारी म्हणाले, मेसेज दोनदा गेला तर चालेल, बिल नको.

जेग्रुप्स ठेवलाय, पण गाड्यांची यादी ताजी करण्यापुरता. टीसीपी, ऑथ, नाव वेगळं.

एकच उरलं. रोजचा गाळप अहवाल टायमरवर जातो, तो एकानंच पाठवायला हवा. चेअरमनना दोन मेल गेले तर फोन मला येतो. ह्याला जेग्रुप्सचा कोऑर्डिनेटर चालेल, का कॅमलमध्ये राफ्टचा (बहुमतानं म्होरक्या निवडायची पद्धत) जो वेगळा कंपोनंट आहे तो घेऊ?

मलप्रभा

एका अहवालासाठी कोऑर्डिनेटर पुरे. दुभंगलं तर फार तर दोन मेल. थांबवायचा रूट मात्र विसरू नका.

राफ्टला बहुमत लागतं. दोन सदस्यांत एक गेला की उरलेला एकटा बहुमत नव्हे, तो कामच थांबवेल. तुम्हाला हवं त्याच्या नेमकं उलट. घ्यायचंच तर तीन हवेत, म्हणजे एक जाऊनही दोन उरतात.

काटावाला

तिसरा म्हणून काट्यावरचा पीसी धरला तर? त्याला बाकी काही काम द्यायचं नाही, फक्त मत.

संकेश्वरी_मिरची

नुसत्या मतासाठी चालेल, पण राफ्टचा सदस्य जेग्रुप्ससारखा येता-जाता होत नाही. सदस्यांची यादी आधी ठरवून कॉन्फिगमध्ये लिहावी लागते, प्रत्येकाला कायमची ओळख द्यावी लागते, आणि लॉग डिस्कवर राहतो. काट्यावरचा पीसी फॉरमॅट केला तर त्याचं मत आणि आठवण दोन्ही गेलं. तो पीसी धूळ-चिपाडात असतो, त्यावर काटेवाला गाणी लावतो, हेही धरा.

काटावाला

गाणी खरी आहेत. मग अहवालाला कोऑर्डिनेटरच. थांबवायचा रूट आज लिहितो, आणि उद्या पाळी बदलताना वायर काढून बघतो.

उद्यमबागी

वायर काढायच्या आधी शेतकीला सांगा. आणि काढाल ती दोन सर्व्हरांच्या मधली काढा, काट्याची नको.